१९५१ सालच्या गाडीतला व्हॉल्वचा रेडिओ: फ्यूज सतत उडतो, सुरुवात कोठून करावी?

जुनीचाके यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मामांकडून माझ्याकडे आलेल्या १९५१ सालच्या एका अमेरिकी गाडीत तिचा मूळ रेडिओ अजून शाबूत आहे. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची असून तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले आहे. रेडिओत दोन ६बीए६, एक ६बीई६, एक ६एटी६, एक ६एक्यू५ आणि एक ओझेड४ असे सहा व्हॉल्व, म्हणजे निर्वात नळ्या आहेत आणि बॅटरीचा प्रवाह कंप पावणाऱ्या पातीने उलटसुलट करून ट्रान्सफॉर्मरला देणारा, अॅल्युमिनियमच्या डबीत बंद असलेला व्हायब्रेटर आहे. स्पीकर कायम चुंबकाचा असून त्याचा कागद एका कडेला थोडा फाटला आहे. बाकी बटणे, काटा, डायलची काच सगळे मूळचे आहे.

गेल्या महिन्यात रेडिओ डॅशबोर्डातून उतरवला आणि टेबलावर घेऊन सहा व्होल्टच्या बॅटरीला जोडला. व्हायब्रेटर दोन-तीन सेकंद गुणगुणला, डायलचा दिवा मंदावला आणि ९ अँपिअरचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग मी १५ अँपिअरचा घातला, जे करायला नको होते हे आता कळते. या वेळी फ्यूज टिकला, पण अर्ध्या मिनिटात मेण वितळल्यासारखा वास आला आणि मी घाईने तार ओढून काढली. ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या कडेला मेणाचा एक ओघळ दिसतो आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. ट्रान्सफॉर्मर गेला असे समजावे का? व्हायब्रेटर दुरुस्त करता येतो की त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्हायब्रेटर बसवावा? आणि काही मित्र सांगतात त्याप्रमाणे आतले सगळे काढून त्याच खोक्यात आजचा संच बसवणे शहाणपणाचे ठरेल का? हातात कथील आणि झाळणी धरण्याची सवय आहे, पण व्हॉल्वच्या संचावर आजवर काम केलेले नाही.

कंडेन्सरकाका यांचे उत्तर

मेणाचा ओघळ पाहून घाबरू नका. त्या काळी ट्रान्सफॉर्मर मेणात बुडवून काढत असत, त्यामुळे तो तापला की मेण आधी बाहेर येते आणि तारेवरचे आवरण जळण्याची वेळ बरीच नंतर येते. मात्र फ्यूज मोठा करून वास कोठून येतो हे पाहण्याची पद्धत यापुढे सोडून द्यावी. ९ अँपिअरचा फ्यूज उडून आपले काम चोख करत होता.

तुम्ही दिलेल्या व्हॉल्वच्या यादीवरून एक सोपा हिशेब करता येतो. दोन ६बीए६, ६बीई६ आणि ६एटी६ या चौघांचे तापणारे तंतू प्रत्येकी ०.३ अँपिअर घेतात, म्हणजे १.२, ६एक्यू५ चा तंतू ०.४५, आणि डायलचा दिवा साधारण पाव अँपिअर. ओझेड४ हा उलटसुलट प्रवाह एकाच दिशेचा करणारा व्हॉल्व, त्याला तंतूच नसतो, तो आतल्या विरळ वायूवर चालतो आणि धातूच्या कवचात असल्याने पेटलेला दिसतही नाही. (या एका कारणाने किती चांगले ओझेड४ ‘गार पडलाय’ म्हणून फेकले गेले असतील याची गणती नाही.) बेरीज झाली १.९ अँपिअर. तेव्हा व्हायब्रेटर त्याच्या बैठकीतून उपसून बाजूला ठेवा, मूळ मापाचा फ्यूज घाला आणि मालिकेत अॅमीटर लावून संच सुरू करा. काटा दोन अँपिअरच्या आसपास थांबला तर तंतूंची सगळी वायरिंग निर्दोष आहे आणि तुमचा दोष व्हायब्रेटरच्या पुढच्या भागात आहे.

त्या भागात माझा पहिला संशय एकाच वस्तूवर असतो, तो म्हणजे बफर कंडेन्सर. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम, म्हणजे जास्त दाबाच्या वेटोळ्याच्या दोन टोकांना तो जोडलेला असतो. व्हायब्रेटरची पाती एका संपर्कावरून सुटून दुसऱ्याकडे जात असते तेव्हा क्षणभर ती कोठेच टेकलेली नसते, आणि त्या क्षणी वेटोळ्यात साठलेली ऊर्जा ठिणगीच्या रूपाने संपर्क जाळू नये, तर दाब (व्होल्टेज) सावकाश उलटा व्हावा, हे बफरचे काम. त्यामुळे त्याचे मूल्य त्या ट्रान्सफॉर्मरला जुळवलेले असते, बहुधा ०.००५ ते ०.०१ मायक्रोफॅरड, आणि दाबाची क्षमता १६०० व्होल्ट. त्यातून वीज गळू लागली किंवा तो आतून जोडला गेला (शॉर्ट झाला) तर प्राथमिक, म्हणजे बॅटरीकडच्या बाजूचा प्रवाह वाढतो, संपर्क चिकटतात आणि फ्यूज जातो. तो वरून कसाही दिसो, आधी बदला. संचाच्या विद्युत-आकृतीत दिलेले मूल्य तेच ठेवा आणि दाबक्षमता १६०० च्या खाली येऊ देऊ नका, २००० मिळाली तर अधिक चांगले. आणि बफर काढलेल्या अवस्थेत व्हायब्रेटर एक क्षणही चालवू नका.

नवा बफर बसल्यावर ट्रान्सफॉर्मरची परीक्षा घ्या. दुय्यम वेटोळ्याच्या दोन अर्ध्यांचा रोध मोजा. तो काहीशे ओहम आणि दोन्हीकडे जवळपास सारखा भरला पाहिजे. वरच्या थरातली तार लांब असल्याने थोडा फरक चालतो. परंतु एकमेकांना चिकटलेले दोन-चार वेढे मल्टीमीटर दाखवणार नाही. त्यासाठी ओझेड४ काढून ठेवून व्हायब्रेटर चालवा. तंतूंच्या १.९ वर आणखी एक-दीड अँपिअर वाढला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. चार-पाच वाढला तर तो गेला.

त्यानंतरच फिल्टरचे, म्हणजे दाबातले चढउतार गाळणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि मेणाच्या नळीतले कागदी कंडेन्सर बदलायला घ्यावेत. जुन्या इलेक्ट्रोलिटिकच्या डोक्यावर नवा समांतर जोडून मोकळे होण्याची सवय अनेकांना असते, पण जुना नंतर आतून जोडला गेला की नव्यालाही बुडवतो, म्हणून जुन्याच्या तारा सोडवा. कागदी कंडेन्सरांत ६एटी६ पासून ६एक्यू५ च्या जाळीकडे (व्हॉल्वमधला प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या टोकाकडे) जाणारा सर्वांत घातक. ६एक्यू५ च्या जाळीवरचा दाब मोजा: तो शून्य किंवा किंचित ऋण असला पाहिजे. एक-दोन व्होल्ट जरी धन दिसला तरी तो कंडेन्सर गळतो आहे, आणि तसाच ठेवला तर व्हॉल्व आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही भाजून निघतात.

एक इशारा. रेडिओ सहा व्होल्टचा असला तरी आत सव्वादोनशे व्होल्टच्या पुढचा दाब तयार होतो आणि बंद केल्यावरही फिल्टरच्या कंडेन्सरात तो काही काळ राहतो. हात घालण्यापूर्वी रोधकातून तो रिकामा करा.

मध्यमलहरी यांचे उत्तर

काकांच्या क्रमाशी मी सहमत आहे, व्हायब्रेटरबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. जुना व्हायब्रेटर उघडून साफ करता येतो हे खरे. डबीची दुमडलेली कड हळूहळू उचकटली की आतला सांगाडा बाहेर येतो. पण त्याच्याभोवतीचे रबर किंवा फोम इतक्या वर्षांत डिंकासारखे चिकट झालेले असते आणि ते सगळीकडे लागते. संपर्कांवर चढलेला थर साध्या कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून दोन संपर्कांच्या मधून ओढल्यास बहुधा निघतो. कानस लावू नये, पात्यांमधले अंतर बिघडते आणि ते पुन्हा जुळवणे हे घड्याळजीचे काम आहे. साफ केलेला व्हायब्रेटर कधी दहा वर्षे चालतो, कधी दहा दिवसांत पुन्हा चिकटतो. गाडी नियमित चालवायची असेल तर मी इलेक्ट्रॉनिक बसवीन, आणि जुना साफ करून डबीसकट जपून ठेवीन.

इलेक्ट्रॉनिक घेताना दोन गोष्टी पाहा. तुमच्या संचात वेगळा ओझेड४ आहे, म्हणजे व्हायब्रेटर केवळ प्रवाह उलटसुलट करतो, दाब सरळ करण्याचे काम त्याच्याकडे नाही. अशा संचाला मूळ व्हायब्रेटरवर कोणते टोक सांगाड्याला आहे याने काही फरक पडत नव्हता. इलेक्ट्रॉनिकला मात्र पडतो, कारण त्यात ट्रान्झिस्टर आहेत, तेव्हा धन सांगाड्यासाठी बनवलेलाच हवा. उलटा लावला तर तो पहिल्या सेकंदातच जाईल.

ओझेड४ कामच करत नसेल तर त्याच्या पायांच्या तळात सिलिकॉन डायोड बसवणारे पुष्कळ आहेत. तसे करायचे असल्यास प्रत्येक बाजूला हजार व्होल्टचे दोन डायोड मालिकेत लावा. ओझेड४ मध्ये वीस-पंचवीस व्होल्ट खर्ची पडत असत, डायोडमध्ये ते पडत नाहीत आणि सगळ्या संचावरचा दाब तेवढ्याने चढतो, म्हणून सोबत एक लहान रोधकही हवा.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. व्हायब्रेटरचे हे युग फार मोठे नव्हते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी गाड्या बारा व्होल्टवर गेल्या, त्यापाठोपाठ थेट बारा व्होल्टच्या दाबावर चालणारे व्हॉल्व आणि शेवटच्या टप्प्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर असे मिश्र संच आले, आणि व्हायब्रेटरची गुणगुण डॅशबोर्डातून कायमची गेली. तुमचा संच त्या बदलाच्या आधीचा, पूर्ण आणि न कापलेला आहे. खोके रिकामे केले की ते परत भरता येत नाही. फोनवरचे गाणे ऐकायचेच असेल तर आवाजाच्या बटणाच्या वरच्या टोकाला एका कंडेन्सरमधून बाहेरचा संकेत देता येतो. दोन डाग झाळले की काम झाले, आणि उद्या ते काढले तर खूणही राहणार नाही.

जुनीचाके

दोघांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे व्हायब्रेटर काढून मोजले, प्रवाह १.८५ अँपिअर भरला. तुम्ही न पाहता केलेला हिशेब इतका जवळ यावा याचे आश्चर्य वाटले.

बफरचे गूढही उकलले. मूळ बफर तेथे नव्हताच. पूर्वी कोणा कारागिराने त्याच्या जागी एक लहान पिवळा कंडेन्सर बसवला होता, ज्यावर ०.१ मायक्रोफॅरड आणि ६३० व्होल्ट असे छापले आहे. झाळकाम सुबक आहे, तारांवर नळ्याही घातल्या आहेत, म्हणून माझी नजर त्यावरून दोनदा सरकून गेली. मल्टीमीटरवर तो पूर्ण जोडला गेलेला आढळला. आकृतीत त्या जागी ०.००७५ आणि १६०० व्होल्ट दिलेले आहे.

कंडेन्सरकाका

म्हणजे त्याने तेरापट मोठा आणि निम्म्याहून कमी दाबाचा लावला. बसवल्यावर काही दिवस रेडिओ वाजला असेल, आणि व्हायब्रेटरचे संपर्क त्याच दिवसांत भाजले असतील. दुरुस्ती झालेला संच हा कधीही न उघडलेल्या संचापेक्षा अवघड असतो, कारण जुनी वस्तू आपण संशयाने पाहतो आणि नव्यावर विश्वास टाकतो. आता त्याने बदललेले बाकीचे सुटे भागही आकृतीशी ताडून पाहा.

जुनीचाके

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. ०.००७५ चा २००० व्होल्टचा बफर बसवला. ओझेड४ काढून व्हायब्रेटर चालवला तेव्हा एकूण प्रवाह ३.१ अँपिअर आला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाचला. जुन्या व्हायब्रेटरचे संपर्क मात्र काळे आणि खड्डे पडलेले निघाले, त्यामुळे धन सांगाड्याचा इलेक्ट्रॉनिक घेतला. कागदी कंडेन्सर सगळे बदलले. ६एक्यू५ च्या जाळीवर आधी तीन व्होल्ट धन होते, आता शून्य आहे. ओझेड४ मूळचाच आहे आणि चालतो. स्पीकरच्या फाटीवर पातळ चहागाळणी कागद पाण्याने सैल केलेल्या पांढऱ्या डिंकाने चिकटवला. संच पूर्ण वाजत असताना प्रवाह ५.८ अँपिअर राहतो.

अडचण एवढीच की टेबलावर रेडिओ चांगला वाजला, आणि गाडीत बसवल्यावर फक्त जवळचे एक जोरदार केंद्र लागते. ट्यूनिंगचे स्क्रू फिरवून पाहावे का?

मध्यमलहरी

कृपया फिरवू नका. या संचात स्टेशन लावण्यासाठी पात्यांचा कंडेन्सर नसतो, वेटोळ्यांत सरकणारे लोहचूर्णाचे गाभे असतात, आणि ते इतके ठिसूळ झालेले असतात की पेचकसाच्या एका आवळ्यात दुभंगतात. शिवाय अशा बऱ्याच अमेरिकी गाडी-रेडिओंची मध्यवारंवारता (प्रत्येक केंद्राचा संकेत संचात ज्या एका ठरावीक वारंवारतेवर आणला जातो ती) २६२.५ किलोहर्ट्झ असते. घरच्या रेडिओच्या सवयीने ४५५ वर जुळवायला गेलेल्यांनी चांगले संच बिघडवले आहेत.

एरियलची केबल कोणती आहे ते सांगा. गाडीच्या एरियलसाठी आतली तार केसासारखी बारीक आणि भोवती बहुतांशी हवा असलेली केबल वापरतात, जिची धारकता (कंडेन्सरसारखी वीज साठवण्याची क्षमता) अगदी कमी असते. साधी कोअॅक्सियल केबल मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास जाते आणि संकेत रेडिओत पोहोचण्यापूर्वीच सांगाड्याकडे वाहून नेते. केबल योग्य असेल तर एरियल पूर्ण उंच करा, १४०० किलोहर्ट्झच्या जवळचे एखादे अगदी क्षीण केंद्र शोधा आणि एरियलच्या खोबणीजवळचा एकच ट्रिमर, म्हणजे स्क्रूने जुळवायचा लहान कंडेन्सर, आवाज सर्वाधिक होईपर्यंत फिरवा. हे काम गाडीतच करायचे, टेबलावर नव्हे, कारण तो ट्रिमर तुमच्या एरियलशी आणि केबलशी जुळवायचा असतो.

जुनीचाके

केबल साधी कोअॅक्सियलच निघाली. बदलली, आणि ट्रिमर जेमतेम अर्धा फेरा फिरवल्यावर खरखरीच्या तळातून एक बातमीपत्र स्पष्ट वर आले. आता रात्री दूरची केंद्रेही लागतात. इंजिनाचा वेग वाढवला की त्यासोबत चढत जाणारी एक शिट्टी ऐकू येते, तेवढी राहिली आहे.

कंडेन्सरकाका

वेगाबरोबर सूर चढतो म्हणजे ती डायनॅमोची आहे. अर्धा मायक्रोफॅरडचा धातूच्या कवचातला कंडेन्सर डायनॅमोच्या जाड तारेच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला लावा आणि त्याचे कवच डायनॅमोच्या अंगावरच घट्ट आवळा. शेजारच्या फील्डच्या टोकाला तो चुकूनही लावू नका, रेग्युलेटरचे संपर्क जळतील.