मदत हवी आहे: ३² फॅक्टोरियलमध्ये प्रेडिक्टेड आर-स्क्वेअर उणे येतोय

शेवटचं_सेमिस्टर
एम.फार्म.चा प्रोजेक्ट, एसआर (औषध हळूहळू सोडणारी) मॅट्रिक्स गोळी. ३² फॅक्टोरियल, म्हणजे दोन घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या. नऊ बॅचेस (एफ१ ते एफ९) झाल्या, डिझाइन-एक्स्पर्ट सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले. आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं) ०.९१, अ‍ॅडजस्टेड ०.७६ आणि प्रेडिक्टेड (नव्या बॅचचा अंदाज किती बरा) उणे ०.०८! गाइड म्हणतात मॉडेल बदल. कुठलं घेऊ? पुढच्या शनिवारी प्रगती अहवाल द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

जुना_फॉर्म्युलेटर
औषध कुठलं, डोस किती, पॉलिमर कुठला, रिस्पॉन्स (मोजायचा परिणाम) काय घेतलाय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

शेवटचं_सेमिस्टर
मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. एक्स१ म्हणजे पहिला घटक, एचपीएमसी के१००एम (जेल धरणारा पॉलिमर), १००/२००/३०० मि.ग्रॅ. एक्स२ झँथन गम, ५०/७५/१०० मि.ग्रॅ. रिस्पॉन्स पहिल्या तासाचा रिलीज, म्हणजे तेवढ्यात किती टक्के औषध सुटलं. पण माझा प्रश्न मॉडेलचा आहे.

क्यूबीडी_प्रेमी
३² सोडून द्या, बॉक्स-बेन्केन (प्रयोगांची दुसरी आखणी) करा. १५ रनमध्ये (बॅचेसमध्ये) काम होतं, कोपऱ्यातल्या टोकाच्या बॅचेस कराव्या लागत नाहीत. माझ्या प्रोजेक्टला तेच केलं, सुंदर प्लॉट आले.

आकडेमोड
बॉक्स-बेन्केनला किमान तीन घटक लागतात, यांचे दोनच आहेत. आणि डिझाइन बदलून हा रोग जाणार नाही. दोन घटकांच्या पूर्ण क्वाड्रॅटिक (वर्गपदं असलेल्या) मॉडेलमध्ये सहा सहगुणक असतात, रन नऊ. उरल्या तीन डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे चूक अजमावायला मोकळे आकडे तीनच. एवढ्यावर ०.९१ येण्यात विशेष काही नाही. प्रेडिक्टेड उणे म्हणजे या मॉडेलपेक्षा नुसती सरासरी बरा अंदाज देते. मधला बिंदू किती वेळा केलात?

शेवटचं_सेमिस्टर
एकदाच. ३² मध्ये नऊच असतात ना?

आकडेमोड
मग एकच गोष्ट दोनदा केली तर आकडा किती हलतो, हे तुम्हाला माहीतच नाही. प्युअर एरर नाही, म्हणून लॅक ऑफ फिट (मॉडेल खरंच बसतं का) तपासताच येणार नाही.

रिलीज_कायनेटिक्स
हे सगळं राहू दे, कोर्समायर-पेप्पास (औषध कसं सुटतं याचं समीकरण) लावलं का? त्यातला घातांक ‘एन’ ०.४५ आणि ०.८९ च्या मध्ये आला की अ‍ॅनोमलस ट्रान्सपोर्ट, म्हणजे औषध पसरूनही आणि पॉलिमर फुगून-सैलावूनही सुटतं. व्हायव्हाला हेच विचारतात.

जुना_फॉर्म्युलेटर
ते पहिल्या ६० टक्के रिलीजपुरतं, आणि मॅट्रिक्स शाबूत असेल तर. मला शंका वेगळीच आहे. एचपीएमसी १०० ची गोळी डिसोल्यूशनच्या (औषध सुटण्याच्या चाचणीच्या) भांड्यात कशी दिसत होती? गोळीचं एकूण वजन किती, फिलर काय?

शेवटचं_सेमिस्टर
वजन सगळ्यांचं १००० मि.ग्रॅ. एमसीसीने (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) भरलंय. एफ१ आणि एफ२ अर्ध्या तासात फुटल्या, पॅडलखाली चुरा दिसत होता. एफ३ टिकली. ते लिहायला हवं होतं का?

जुना_फॉर्म्युलेटर
अगं, तेच तर उत्तर आहे! मेटफॉर्मिन पाण्यात भराभर विरघळतं. १० टक्के एचपीएमसीत जेलचा थर धरायच्या आत पाणी आत शिरतं. वर एफ१ मध्ये एमसीसी किती? ५०० औषध, १०० एचपीएमसी, ५० झँथन, १० मॅग्नेशियम स्टिअरेट, उरले ३४०. एफ९ मध्ये मात्र ९०. एमसीसी गोळी फोडायला मदत करतं, म्हणजे न सांगता तिसरा घटक बदलत होता. फुटणारी गोळी आणि जेल धरणारी गोळी ही दोन वेगळी यंत्रणं आहेत, दोन्हींतून एकच गुळगुळीत वक्र जाणार नाही. रेंज २०० ते ३०० ठेव. एफ४ ते एफ९ हाताशी आहेतच. २५० च्या तीन बॅचेस कर आणि २५०/७५ (मधला बिंदू) आणखी दोनदा.

मधुमेही_घर
मध्येच विचारते, माफ करा. बाबांना मेटफॉर्मिन एसआर आहे. शौचात अख्खी गोळी दिसते, औषध लागू पडत नाही का? तुकडे करून देऊ का?

जुना_फॉर्म्युलेटर
ताई, तुकडे करू नका, चुराही नको. सगळं औषध एकदम सुटेल. दिसतं ते बहुतेक रिकामं टरफल असतं, औषध आधीच निघून गेलेलं. तरी डॉक्टरांना दाखवून घ्या.

क्यूबीडी_प्रेमी
मी अजूनही सांगतो, हार्डनेस (गोळीचा कठीणपणा) तिसरा घटक धरा आणि बॉक्स-बेन्केन करा.

आकडेमोड
शनिवारपर्यंत १५ बॅचेस, प्रत्येकीला आठ तास डिसोल्यूशन? शक्य नाही. पण जुन्या सल्ल्यात एक खाच आहे. जुन्या सहा बॅचेसमध्ये एक्स१ फक्त २०० किंवा ३००, नव्या सगळ्या २५०. दोन्ही वेळांतला फरक आणि एक्स१ चा वर्ग एकमेकांत पूर्ण मिसळतील, वेगळे करताच येणार नाहीत. म्हणून एफ५ आणि एफ८ आत्ता नव्याने करा आणि ब्लॉक (जुन्या आणि नव्या बॅचेसचे वेगळे गट) धरा. क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवा.

जुना_फॉर्म्युलेटर
बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नाही. सात बॅचेस कर.

शेवटचं_सेमिस्टर
चिठ्ठीत एफ५ पहिली निघाली. पहिल्या तासाला आधी ३१ टक्के होता, आज ३६. एवढा फरक चालेल का?

जुना_फॉर्म्युलेटर
दोन्ही वेळा हार्डनेस किती होता?

शेवटचं_सेमिस्टर
आज ७ किलो. मागच्या वेळचा वहीत शोधते, सापडला की लिहिते.