खोकला-तापासोबत जुलाब, हे फ्लूमुळेच होतं की पोटाचं वेगळं काही?

नाशिककर_लेक

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आमचे अण्णा, वय ७१, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. रविवारी संध्याकाळी एकदम तीन वेळा पातळ संडास झाली, रात्री उलटी, आणि आदल्या दिवशी साखरपुड्याला भजी नि बासुंदी खाल्ली होती म्हणून घरात सगळ्यांनी त्यांनाच धरलं. सोमवारी मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणून दिली. संध्याकाळी १०२ ताप, अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला. मंगळवारी डॉक्टरांनी नाकाचा स्वॅब घेतला आणि ओसेल्टामिविर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी चालू केली, आज रिपोर्ट आला, एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह.

आता भाऊ म्हणतो फ्लू छातीचा आजार आहे, जुलाब बाहेरच्या खाण्याचेच, त्याचं अँटिबायोटिक वेगळं चालू करू, घरात जुनी स्ट्रिप पडलीये. मला ते पटत नाहीये. एकाच विषाणूने दोन्ही होतं का? आणि ओआरएस द्यायला आई घाबरतेय, गोड असतं, शुगर वाढेल म्हणते. कालपासून अण्णा नुसते पडून आहेत, पाणी पुढे केलं तरी नको म्हणतात.

फिजिशियन_सातारा

ताई, ती जुनी स्ट्रिप आधी बाजूला ठेवा. फ्लू विषाणूने होतो, अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नाही, उलट बऱ्याच अँटिबायोटिकने जुलाब वाढतात आणि मग कशामुळे काय चाललंय तेच कळेनासं होतं.

आता मूळ प्रश्न. हो, एकाच विषाणूने दोन्ही होऊ शकतं. २००९ मध्ये हा एच१एन१ पहिल्यांदा पसरला तेव्हा अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ६४२ रुग्णांच्या नोंदी छापून आल्या होत्या, त्यात ताप-खोकला नव्वद टक्क्यांच्या वर लोकांना होता पण जुलाब २५ टक्क्यांना आणि उलट्याही २५ टक्क्यांना. म्हणजे चारातला एक. त्याच वर्षी पुण्यात साथ आली तेव्हापासून मी ओपीडीत हे बघतोय, पोट बिघडलं म्हणून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी खोकत परत येतो. कोविडमध्येही तेच. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत सापडलेला पहिला रुग्ण खोकला-तापासोबत दोन दिवसांची मळमळ आणि उलट्या घेऊन आला होता, पुढे त्याला जुलाब झाले आणि शौचाच्या नमुन्यातही विषाणू सापडला.

कारण दोन्हीकडे सारखं नाही. कोविडचा विषाणू एसीई२ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या एका प्रथिनाला, चिकटून पेशीत शिरतो आणि हा रिसेप्टर फुप्फुसात असतो तसाच लहान आतड्याच्या अस्तरातही भरपूर असतो, त्यामुळे तिथे त्याला थेट वाट मिळते. फ्लूचं तसं नाही, त्याचा मुक्काम मुख्यतः श्वासमार्गात. पण शरीर त्याच्याशी लढायला लागलं की त्याचे परिणाम आतड्यापर्यंत जातात. उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय की फ्लू फुप्फुसातच असताना, आतड्यात विषाणू न सापडताही, तिथले जिवाणू बदलतात आणि आतड्याला सूज येते.

साखरपुड्याच्या बासुंदीने झालंच नसेल असं मी म्हणणार नाही, पण चोवीस तासांत ताप-खोकला आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हटल्यावर माझा पहिला संशय फ्लूवरच. अण्णांना बोल लावू नका, आजारी माणसाला ते फार लागतं.

जुलाब थांबायची गोळी परत देऊ नका, ताप असताना किंवा शौचात रक्त दिसत असताना ती स्वतःच्या मनाने देणं धोक्याचं असतं. आणि ओसेल्टामिविरनेसुद्धा मळमळ, उलटी होते, म्हणून उपाशीपोटी नको, दोन घास पेज किंवा मऊ भात पोटात गेल्यावर द्या. उलट्या होतात म्हणून बंद मात्र करू नका, या वयात आणि शुगर असताना ती गोळी महत्त्वाची आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आता विचारतो, शुगरसाठी मेटफॉर्मिन आहे का? बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का? अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो, मेटफॉर्मिनचा वेगळा त्रास होऊ शकतो. स्वतः बंद करू नका, पण उद्यावरही टाकू नका, आत्ता तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की दोन दिवस थांबवायच्या का. आणि शेवटची लघवी कधी झाली ते बघा. सहा-आठ तास झालीच नसेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, दम लागत असेल किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली दाखवत असेल तर घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

नाशिककर_लेक

डॉक्टर खूप आभार. मेटफॉर्मिन आहे दिवसातून दोनदा, आणि बीपीच्या गोळीच्या पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत, तुम्हाला पाठवते. लघवी सकाळी सहाला झाली होती, गडद पिवळी, आता दोन वाजलेत. ऑक्सिजन ९६. लगेच फोन लावते.

दोन_पोरांची_आई

ताई काळजी घ्या. माझ्या धाकट्याला गेल्या पावसाळ्यात फ्लू झाला तेव्हा आम्ही पण असेच गोंधळलो होतो. तो पाच वर्षांचा, खोकून खोकून शेवटी उलटी, आणि उलटीत नुसता चिकट कफ. आमच्या बालरोग डॉक्टरांनी सांगितलं की लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात, मग पोट ढवळतं, आणि जोरात खोकल्यानेही उलटी होते. म्हणून मुलांमध्ये फ्लूत उलट्या मोठ्यांपेक्षा जास्त दिसतात.

पाणी पाजायचं म्हणाल तर आमचा अनुभव, ग्लास पुढे केला की नकोच म्हणतात. मी वाटीत घेऊन चमच्याने द्यायचे, एक चमचा, मोबाईलमध्ये दोन मिनिटं लावून परत एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. कंटाळवाणं काम आहे, पण एक ग्लास पोटात टिकला ना की माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं. अण्णांना पण चमच्यानेच द्या, म्हातारी माणसं आणि लहान मुलं इथे सारखीच.

फिजिशियन_सातारा

चमच्याची पद्धत अगदी बरोबर. ओआरएसचं आईंना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, साधारण तीन चमचे साखरेएवढं. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत याच्या दुपटीहून जास्त साखर असते. आणि ते ग्लुकोज गोडीसाठी नाहीये, ग्लुकोजसोबत मीठ आतड्यातून आत ओढलं जातं आणि मिठामागून पाणी, म्हणून साध्या पाण्यापेक्षा ते कामाला येतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पाजून माणसं वाचवली होती. शुगर दिवसातून दोन-तीनदा मोजत राहा म्हणजे झालं. फक्त टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस समजून आणू नका, पावडरचं पाकीट आणा.

नळजोडणी_सांगली

मी डॉक्टर नाही, तीस वर्षं प्लंबिंगची कामं करतोय, एक गोष्ट सांगावीशी वाटते. २००३ मध्ये सार्स या श्वासाच्या विषाणूजन्य आजाराची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. त्यातल्या बऱ्याच जणांना जुलाब होते, म्हणजे विषाणू शौचातून ड्रेनेजमध्ये गेला. आणि बाथरूममधले नहाणी ट्रॅप कोरडे पडले होते. ट्रॅपमध्ये पाणी असतं म्हणून पाइपातली हवा घरात येत नाही, ते पाणी आटलं की पाइप सरळ घरात उघडा. एक्झॉस्ट फॅन लावला की ती हवा आत खेचली जायची, असा तपासातला निष्कर्ष होता.

तो आजार वेगळा होता, फ्लूचं असंच होतं असं म्हणत नाही. पण घरात जुलाबाचा पेशंट असेल तर जे बाथरूम वापरात नाही त्याच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, फ्लश करताना झाकण खाली करा, आणि हात साबणाने धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका.

नाशिककर_लेक

मंडळी, शुक्रवार दुपार, कळवायला आले. बुधवारीच आमच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ती बीपीची गोळी थांबवायला सांगितली, रक्त तपासलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, थोडं वाढलेलं निघालं. एक सलाईन लावून संध्याकाळी घरी सोडलं.

आणि एक चूक सापडली, ती लिहितेच म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. मंगळवारी आईला न सांगता वहिनीने ओआरएस दिलं होतं, पण एक लिटरचं मोठं पाकीट एकाच ग्लासात घोळून. अण्णांनी तोंड वाकडं करून खारट आहे म्हटलं, आम्हाला वाटलं तापाने तोंडाची चव गेलीये. त्यानंतरच जुलाब वाढले होते. डॉक्टर म्हणाले इतकं दाट झालं तर ते उलट आतड्यात पाणी ओढतं. छोटं पाकीट २०० मिलीचं आणि मोठं एक लिटरचं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वहिनी रडायलाच लागली, तिला जवळ घेतलं, तिनेच तर रात्रभर जागून काढली.

आता एक लिटरची बाटली मोजून भरतो आणि चमच्याने देतो, फ्रिजवर कागद चिकटवलाय, किती पाजलं आणि लघवी कितीदा. काल रात्रीपासून चार वेळा झाली, रंग फिका. ताप १०० च्या खाली, खोकला आहे अजून. आज सकाळी स्वतःहून मेतकूट-भात मागितला, सात-आठ घास खाल्ले. डॉक्टर, मेटफॉर्मिन परत कधी चालू करायची?

फिजिशियन_सातारा

वाचून बरं वाटलं. जुलाब थांबून एक-दोन दिवस नीट खाणंपिणं झालं की क्रिएटिनिन परत करून घ्या आणि तो रिपोर्ट दाखवूनच गोळ्या सुरू करा, तोवर शुगर मोजत राहा. ओसेल्टामिविरचे पाच दिवस पूर्ण होऊ द्या. आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा.