पिशवीतली बिअर: पहिल्या घाण्यासाठी सल्ला हवा, बजेट ३०० डॉलर

तिरफळ
नमस्कार मंडळी. मेलबर्नला येऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षभरात डब्यातलं तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा घट्ट पाक, वापरून तीनदा घरी बिअर केली. तिन्ही वेळा पिण्यासारखी झाली, पण घोट संपला की जिभेवर तोच पाकाचा गुळमटपणा राहतो. आता धान्यापासून करायची आहे. इथल्या ऑस्ट्रेलियन मंडळींनीच रुळवलेल्या 'ब्रू इन अ बॅग' पद्धतीबद्दल बरंच वाचलं. एकच भांडं, सगळं पाणी एकदम त्यात, पाण्यात पिशवी आणि पिशवीत भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. तासाभराने पिशवी उचलायची आणि उरलेलं पाणी हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचं.

घर तिसऱ्या मजल्यावर. शेगडी सिरॅमिकची, बाल्कनीत गॅसचा बर्नर लावायला बिल्डिंगची मनाई. घरात १९ लिटरचं स्टीलचं पातेलं आहे, गणपतीत वरणासाठी घेतलेलं. फर्मेंटर (आंबवायचं भांडं), हायड्रोमीटर (पाण्यातली साखर मोजायला), बाटल्या आहेत. बजेट ३०० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि त्यात पहिल्या वेळचं धान्य, हॉप्स, यीस्टसुद्धा आलं. काय घेऊ?

रानवारा
स्पष्टच सांगतो, ३०० मध्ये हात घालू नका. मी सिडनीत आधी टोप घेतला, मग मोठा टोप, मग बर्नर, आणि शेवटी ऑल-इन-वन मशीन घेतलंच. पंप आहे, तापमान स्वतः धरून ठेवतं, रात्री सेट करून झोपलं तर सकाळी पाणी ७० अंशांवर तयार. आतापर्यंत ३८ घाणे झाले, एकही वाया नाही. आणखी थोडे पैसे साठवा आणि एकदाच घ्या.

ओसरी
पर्थहून. रानवारांचं मशीन चांगलंच असेल, पण प्रश्न पिशवीचा आहे. माझ्याकडे सहा वर्षं ४० लिटरचा पाणी उकळायचा अर्न आहे, कँटीनमध्ये चहाच्या पाण्याला असतो तो. २४०० वॉटचा, घरच्या साध्या प्लगवर चालतो. ३० लिटर पाणी नळाच्या तापमानावरून ७० अंशांवर यायला पाऊण तास लागतो, पुढे उकळी फुटायला अर्धा तास.

२० लिटर बिअरचा हिशोब असा. साडेचार किलो धान्य धरा. धान्य तीन लिटर पाणी पिऊन बसतं, तासाभराच्या उकळीत चारेक लिटर वाफ होऊन जातं, तळाला दोन लिटर गाळ. म्हणजे सुरुवातीला २९-३० लिटर पाणी, वर धान्याची जागा तीन लिटर. तुमच्या १९ लिटरच्या पातेल्यात हे मावणार नाही. अर्न घ्या. तळाला केक थंड करायची गोल जाळी ठेवा, नाहीतर पिशवी कॉइलला चिकटून जळते.

दगडफूल
न्यू जर्सीहून. मी तीन भांड्यांची स्टेनलेस सिस्टिम गॅरेजमध्ये बसवली आहे, स्टँड स्वतः वेल्ड केला. पिशवीत तळाचा गाळ जास्त येतो, वॉर्ट (धान्यातून उतरलेलं गोड पाणी) गढूळ होतो. करायचंच तर नीट करावं. इथे १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन करायची मुभा आहे, त्यातले आम्ही शंभराच्या वर करतो.

ओसरी
गढूळपणा फर्मेंटरमध्ये बसतो हो. दोन आठवडे थांबलं आणि बाटलीत भरण्याआधी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की ग्लासमधून वर्तमानपत्र वाचता येतं.

चाफेकळी
ॲडलेड. भांड्याबद्दल बरेच बोलले, मी पिशवीबद्दल बोलते, कारण माझा पाय पिशवीमुळे भाजला. विकतची तयार पिशवी होती, दुकानाचं नाव घेत नाही. दुसऱ्याच वेळेस शिवण उसवली. पाच किलो धान्य आणि त्यात मुरलेलं पाणी मिळून दहा किलोच्या आसपास वजन होतं, आणि ते सगळं ६५ अंशांचं. अर्धा लगदा पुन्हा पातेल्यात, अर्धा माझ्या पावलावर. तीन आठवडे चप्पल घालता येत नव्हती.

तेव्हापासून पिशवी स्वतः शिवते. पडद्याचं व्हॉइल कापड घ्या, पॉलिएस्टरचं. सुती पंचा किंवा मलमल घेऊ नका, ओलं झालं की मिटतं आणि पाणी खाली उतरतच नाही. दोराही पॉलिएस्टरचाच. शिवण दुमडून दोनदा मारायची. खाली जाडसर पट्टी आडवी घेऊन ती दोन्ही बाजूंनी वर कानांपर्यंत न्यायची, म्हणजे वजन कापडावर न येता पट्टीवर येतं. आणि पिशवी भांड्याच्या तोंडापेक्षा मोठीच हवी, म्हणजे कडेवर उलटी दुमडून बसते. उचलताना बूट घाला. अनवाणी अजिबात नाही.

रानवारा
म्हणूनच म्हणतो, मशीनमध्ये स्टीलची जाळीची बास्केट असते. उसवायचा प्रश्नच नाही.

बोरकूट
पिशवी पिळायची नाही, एवढं लक्षात ठेवा. पिळली की टॅनिन उतरतं आणि बिअर तुरट होते. लटकवून ठेवायची आणि जेवढं आपोआप गळेल तेवढंच घ्यायचं.

चाफेकळी
बोरकूट, हे मीही ऐकून होते आणि दोन वर्षं पाळलं. टॅनिन पिळण्याने येत नाही, पाणी फार गरम झालं आणि वर त्याचा पीएच चढला तर येतं. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात मुरणाऱ्या धान्याचा, पीएच ५.२ ते ५.६ मध्ये असला आणि तापमान ७५-७७ च्या खाली असलं तर खुशाल पिळा. श्रीखंडासाठी चक्का टांगतो तसं करायचं. आधी टांगायचं, वजनाने गळू द्यायचं, मग शेवटी हातमोजे घालून पिळा द्यायचा. त्या शेवटच्या पिळ्यात लिटर-दीड लिटर घट्ट गोड वॉर्ट निघतो. तो सोडायचा म्हणजे धान्याचे पैसे फेकणं.

बोरकूट
मी पिळली होती तेव्हा तुरट झाली होती. अनुभवाचं बोलतोय.

पाणवठा
लंडनला आहे. इथे १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. पण कोणीच पाण्याबद्दल लिहिलेलं नाही आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आमच्याकडे पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. बोरकूट, तुमचं पाणी कुठलं? जड पाण्यात फिकट माल्ट टाकला तर पीएच वर राहतो आणि तुरटपणा तिथूनच येतो. मी दर वेळी ॲसिड मोजून घालतो.

बोरकूट
ॲडलेडचंच.

पाणवठा
मग पिशवीला दोष देऊ नका.

तिरफळ
सगळ्यांचे आभार. बजेट ३०० आहे, हे पुन्हा सांगतो. गॅरेज नाही. मेलबर्नचं पाणी खूप मऊ आहे असं वाचलं, मग पाण्यात काही घालावं लागेल का?

ओसरी
मेलबर्नचं पाणी फिकट बिअरला छानच. क्लोरीन तेवढं घालवा. कॅम्डेनची पाव गोळी कुस्करून टाका, १५-२० लिटरला पुरते. नाहीतर बिअरला औषधाच्या बाटलीसारखा वास येतो आणि तो कशाने जात नाही. पुढे वाटलं तर चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड, पहिल्यांदा नको.

निवांत
पुण्याहून वाचतोय, छान धागा. २००९ मध्ये इथे डूलाली हा स्वतःची बिअर करणारा पब सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा ताजी बिअर प्यायलो, त्याआधी बिअर म्हणजे हिरवी नाहीतर तपकिरी बाटली एवढंच माहीत. माझं म्हणणं, परदेशी माल्ट कशाला? आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्व करतातच. ते माल्टच झालं. इथे घरी करून बघावं म्हणतो. कुठून सुरुवात करू?

जिवती
निवांत, महाराष्ट्रात करू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा आंबवून बिअर करणं गुन्हा आहे, स्वतःपुरती केली तरी. नाचणीचं माल्ट जरूर करा आणि त्याची आंबील प्या. ऑस्ट्रेलियात घरापुरती बिअर करायला हरकत नाही, पण ऊर्ध्वपातन करायला तिथेही परवाना लागतो.

निवांत
नाचणीत पिष्टाची साखर करणारे एन्झाइम बार्लीइतके नसतात का, एवढंच विचारायचं होतं.

पाणवठा
बार्लीच्या माल्टमध्ये ते भरपूर असतात, म्हणूनच जगभर बार्ली वापरतात. शिवाय तिची सालं गाळणीचं काम करतात.

दगडफूल
पिशवी असली तर सालांची गरजच नाही, पिशवीची ती एक जमेची बाजू मान्य. पण मूळ मुद्दा राहिला, थंड कसं करणार? तांब्याची कॉइल हवीच. माझ्याकडे प्लेट चिलर आहे, पाच मिनिटांत वॉर्ट २० अंशांवर येतो.

ओसरी
ऑस्ट्रेलियात अर्धे लोक थंडच करत नाहीत. उकळता वॉर्ट जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतायचा, हवा दाबून काढायची, बूच घट्ट लावायचं, कॅन आडवा करून आतला सगळा भाग गरम वॉर्टने शेकून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचं. पाणी वाचतं. फक्त शेवटी घालायच्या हॉप्सचा कडूपणा वाढतो, कारण वॉर्ट बराच वेळ गरमच राहतो, त्यामुळे ते उशिरा आणि बेताने घालायचे.

दगडफूल
उकळता वॉर्ट प्लास्टिकमध्ये. मी हे माझ्या घरात कधी करणार नाही.

ओसरी
तुमचं घर, तुमची मर्जी. मी सहा वर्षं करतोय.

बोरकूट
बाटल्यांबद्दल सांगतो, ते तरी ऐका. हायड्रोमीटरचा आकडा न बघता दहाव्या दिवशी भरल्या आणि बाटलीत फेस धरायला घालतात ती साखर चमच्याने अंदाजे घातली. कपाटात अकरा बाटल्या फुटल्या. काच दाराच्या लाकडात रुतलेली होती, मुलगी तेव्हा शाळेत होती म्हणून वाचलो. आकडा लागोपाठ तीन दिवस तोच दिसला पाहिजे. साखर वजन करून, लिटरला सहा-सात ग्रॅम, त्याच्यावर नाही. एक बाटली पीईटी प्लास्टिकची भरा, दाबून पाहिली की आत किती दाब झालाय ते कळतं.

चाफेकळी
बोरकूट, हे लाखातलं बोललात. तिरफळ, हे लिहून भिंतीवर लावा.

रानवारा
मशीनवर अजून दोन दिवस सूट आहे, लिंक पाठवू का?

तिरफळ
सगळं तीन-चारदा वाचलं. अर्न घेत नाही आणि मशीनही नाही. १९ लिटरच्या पातेल्यातच अर्धा घाणा करणार, १० लिटरचा. ओसरींच्या हिशोबाने २.२ किलो धान्य आणि १५ लिटर पाणी, धान्याची जागा धरून साडेसोळापर्यंत जातं. पातेल्यात बसेल.

ओसरी
१० लिटरला पण दिवस तेवढाच जातो हो. चार-पाच तास मोडून २५ बाटल्या. महिन्यात अर्न घ्याल आणि हे पैसे वाया गेले म्हणाल.

दगडफूल
१० लिटर म्हणजे नमुनाच झाला.

चाफेकळी
सिरॅमिक शेगडीवर पूर्ण घाण्याला उकळी नीट फुटतच नाही, त्यामुळे मला हे पटतं. पण पिशवी कुठून आणणार?

तिरफळ
आई सहा महिन्यांसाठी आली आहे. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली व्हॉइल आण, मी शिवते.

तिरफळ
आज सात आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

पिशवी आईने दोन संध्याकाळी बसून शिवली. खालून आडवी पट्टी आहेच, शिवाय चार कानांना टाका घालून नाडी ओवली. पिठाच्या चाळणीएवढी दाट वीण, उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसते. साबण न लावता गरम पाण्यात दोनदा धुतली.

धान्य २ किलो पेल माल्ट आणि २०० ग्रॅम हलका क्रिस्टल माल्ट, दुकानातच भरडून घेतलं. पाणी ७० अंशांवर आणलं, धान्य घातल्यावर ६७ वर आलं. पातेलं शेगडीवरून उतरवून आईच्या गोधडीत गुंडाळलं. तासाने उघडलं तर ६५. आईने झाकण काढलं आणि म्हणाली, हा तर मोड आलेल्या गव्हाच्या खिरीचा वास. चमचाभर चाटून बघितलं, खरंच तसंच गोड. पिशवी काढून मोठ्या चाळणीत पातेल्यावर ठेवली, वर ताटली, ताटलीवर खलबत्ता. मग पिळली. बोरकूट, माफ करा.

उकळी फुटायला ३५ मिनिटं लागली. फेस एकदम वर आला, ढवळत आणि आच कमी करत सांभाळला. हॉप्स प्राइड ऑफ रिंगवुड १० ग्रॅम तासाभरासाठी, आमच्या घरापासून ट्रेनने जाता येतं त्याच रिंगवुडचं नाव. गॅस बंद म्हणजे शेगडी बंद केल्यावर गॅलेक्सी हॉप्स १५ ग्रॅम. थंड करायला बाथटबमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवलं, ४० मिनिटांत २२ अंश. यूएस-०५ यीस्टचं अर्धं पाकीट.

हायड्रोमीटरचा सुरुवातीचा आकडा १.०४६ धरला होता, १.०४३ आला. शेवटी १.०१० वर थांबला, तीन दिवस मोजला. १० लिटरच्या २७ बाटल्या झाल्या. तो पाकाचा गुळमटपणा अजिबात नाही. धान्याची चव शेवटपर्यंत कोरडी राहते आणि वर पिकल्या आंब्याच्या सालीसारखा वास, तो गॅलेक्सीचा असावा.

एकूण खर्च ८४ डॉलर. उरलेल्या धान्यातून आईने वाटीभर कणकेत कालवून थालीपिठं लावली. सालं दाताखाली येतात, पण कांदा जास्त घातला की चालतं.

चाफेकळी
वा! आईंना नमस्कार सांगा. घरी कुत्रा असेल तर उकळीतला हॉप्सचा गाळ उघडा टाकू नका, त्यांना तो विषारी असतो.

ओसरी
अभिनंदन. १.०४३ आला कारण दुकानाची भरड जाड असते. पुढच्या वेळी दोनदा भरडून मागा, पिशवीला बारीक भरड चालते. आणि अर्न बघून ठेवा.

तिरफळ
दोनदा भरडून सांगतो. अर्न नाही. पुढच्या रविवारी पुन्हा १० लिटरच, या वेळी आई जायच्या आत गडद रंगाची.

बोरकूट
साखर किती घातलीत?

तिरफळ
लिटरला साडेसहा ग्रॅम, वजन करून.