शार्त्रला तासभर पुरणार नाही

पॅरिसहून शार्त्र गावचं कॅथेड्रल (मोठं चर्च) एका दिवसात होईल का आणि आत तासभर पुरेल का, असं विचारलंय. दिवसात आरामात होतं, पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून रेल्वेने तासाभराचा प्रवास. पण आत तासभर? छे!

आधीची इमारत ११९४च्या आगीत बरीचशी जळाली, तरी पश्चिमेच्या दाराची शिल्पं आणि त्यावरच्या रंगीत काचांच्या तीन उंच खिडक्या वाचल्या. तिथला निळा रंग फोटोत येत नाही, उगाच मोबाईल झिजवू नका. दुर्बीण मात्र न्याच. बऱ्याच खिडक्यांत तळाशी गावातले कारागीर रंगवलेत: पावांची भलीमोठी टोपली वाहून नेणारे भटारी, चांभार, चाकं बनवणारे सुतार. मला तर संतांपेक्षा हीच मंडळी जास्त आवडली.

फरशीवरचा चक्रव्यूह सुमारे १३ मीटर व्यासाचा आहे, पण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. चालून बघायचा असेल तर उन्हाळ्यातला शुक्रवार गाठा. भिंती घासूनपुसून पिवळसर-पांढऱ्या केल्यात, त्यावरून बरीच भांडणं झाली. मला स्वच्छ भिंती पटल्या. आतली मेरीची काळी मूर्ती रंगवून गोरी केली, ते मात्र नाही.

आणि हो, ढगाळ दिवस असला तरी बेत रद्द करू नका. काचा तेव्हाही छान दिसतात.