उलवे की तळोजा? बजेट ४५ लाख, भाव उतरायची वाट पाहावी का?

मधुरा_ऐरोली: नमस्कार. गुंतवणूक म्हणून नवी मुंबईत वन बीएचके घ्यायचाय. सगळा खर्च धरून ४५ लाख, त्यातले २० हातात आहेत. विमानतळ सुरू झाला आणि भाव चढले. आता घ्यावा की थांबावं? सात-आठ वर्षांनी मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकायचा आहे.

खारघरकर: ४५ मध्ये काय मिळणार ताई? ७५ करा, खारघरच बघा. मी २०११ ला घेतलेला २०२५ ला अडीच पटीने विकला.

हिशोबी: चौदा वर्षांत अडीच पट म्हणजे वर्षाला पावणेसात टक्के. कर्जाचं व्याज, मेंटेनन्स, मालमत्ता कर वजा केलात का?

खारघरकर: भाडंही आलं की मध्ये! कागदावर गणितं करणाऱ्यांनी घरं घेतलीच नाहीत कधी.

उलवेकर_२०१३: विमानतळ येणार म्हणून मी २०१३ ला घेतला. भूमिपूजन २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. नोटबंदीनंतर तर गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. नेमकं तेव्हाच बायकोचं ऑपरेशन निघालं. एजंट म्हणाला, चार लाख उतरा, तरी दोन महिने लागतील. शेवटी तिचेच दागिने गहाण टाकले. शेअर पडला तरी पडत्या भावात त्याच दिवशी विकता येतो. फ्लॅटचा भाव कागदावर तसाच राहतो, घेणारा मात्र नसतो. सात-आठ वर्षांची तारीख ठरवून घेऊ नका, एवढंच कळकळीने सांगतो.

घोडबंदर_रोज: ठाण्यात या. मेट्रो ४ होतेय.

पातलीपाडा: आणि पाणी? आमच्या सोसायटीत टँकर येतो. ट्रॅफिकचं तर बोलूच नका. गायमुखपासून...

हिशोबी: मूळ प्रश्नाकडे या. ताई, भावाइतकाच व्याजदर बघा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँकेचा दर, गृहकर्जाचं व्याज त्यावर हलतं) ४ वरून ६.५ टक्के झाला. २५ लाख, २० वर्षं धरा: पावणेसात टक्क्यांना हप्ता १९ हजार, पावणेनऊला २२ हजार १००. बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, म्हणून लगेच कळत नाही. दर उतरलेले असताना चढलेल्या दराचा हप्ता झेपतो का ते तपासा.

सीवूड्स_काकू: ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेलाच घे, जीएसटी लागत नाही. तुझ्या एकटीच्या नावावर घेतलास तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) घर नावावर करायची ट्रान्सफर फी कोण भरणार ते टोकनआधी लिहून घे. आमच्याकडून ऐन वेळी वसूल केली.

खारघरकर: ७५ करा. नंतर आठवण काढाल.

मधुरा_ऐरोली: सर्वांचे आभार. काल कळंबोलीत टोकन दिलं. सिडकोची जुनी बिल्डिंग, ३९ लाख. ट्रान्सफर फी विकणारे भरणार, लिहून घेतलंय.

उलवेकर_२०१३: कळंबोली? २००५ च्या पुरात काय झालं विसरलात?

मधुरा_ऐरोली: नाही विसरले, माझी मावशी तिथेच होती. म्हणून दुसरा मजला घेतला. भाडेकरू आत्ताच आहे, १२ हजार देतो, लोखंड बाजारात कामाला आहे. हप्त्यात पदरचे सात हजार भरायचे, दर चढले तर दहा. तेवढे झेपतील. मुलीच्या वेळी बाजार पडलेला असेल तर विकणार नाही, शैक्षणिक कर्ज काढू. काकू, घर माझ्या एकटीच्या नावावर होतंय.