मदत हवी आहे: अपघाताच्या बातम्यांवर लघुशोधप्रबंध, कोडिंगपाशी अडले आहे

नमस्कार मंडळी,

संज्ञापन आणि पत्रकारिता या विषयात एम.ए. करते आहे, शेवटचं वर्ष. लघुशोधप्रबंधाचा विषय आहे: रस्ते अपघातांच्या बातम्यांत वर्तमानपत्रं दोष कुणाकडे वळवतात. विषय मंजूर झालाय, वर्षभरातल्या बातम्या गोळा झाल्यात, आणि आता कोडिंगपाशी, म्हणजे प्रत्येक बातमी कोणत्या वर्गात टाकायची ते ठरवण्यापाशी, गाडं अडलंय. इथे डेस्कवर काम केलेले आणि संशोधन केलेले, दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मथळे बघा. ‘भरधाव ट्रकने दुचाकीस्वारास चिरडले’ यात चिरडणारा ट्रक आहे, चालक कुठेच नाही. ‘दुचाकी-ट्रक अपघातात एक ठार’ यात कुणीच काही केलेलं नाही. ‘नियंत्रण सुटल्याने कार दुभाजकावर आदळली’ यात नियंत्रण आपोआप सुटतं. आणि ‘लग्नाहून परतताना काळाचा घाला’ म्हटलं की सगळंच नशिबावर जातं. रस्त्याची आखणी, बंद पडलेले दिवे, सलग सोळा तास गाडी चालवायला लावणारा मालक, यांचं नाव क्वचित येतं.

वर्गात आम्हाला फ्रेमिंग शिकवलं, म्हणजे बातमी कोणत्या चौकटीत बसवून मांडली जाते ते. संज्ञापनाचे अभ्यासक एंटमन यांनी 1993 साली मांडलं की चौकट चार कामं करते: प्रश्न कोणता ते ठरवते, कारण दाखवते, बरंवाईट ठरवते आणि उपाय सुचवते. दुसरे अभ्यासक आयंगार यांनी 1991 मध्ये टीव्हीच्या बातम्यांबद्दल दाखवलं की एकेका प्रसंगापुरती बातमी दिली तर प्रेक्षक व्यक्तीला जबाबदार धरतात, आणि मागची परिस्थिती दाखवली तर जबाबदारी समाजाकडे, सरकारकडे जाते. परीक्षेत हे सगळे लिहितात. मला ते आपल्या छापील मराठी बातमीवर लावून बघायचंय.

विषय इतका मनावर घ्यायचं कारणही सांगते. इंटर्नशिपला असताना एका संध्याकाळी डेस्कवरचा फोन मी उचलला. आदल्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची अपघाताची बातमी होती, त्यात मृत मुलाने हेल्मेट घातलं नव्हतं असा उल्लेख होता. फोन त्याच्या भावाचा. तो रागावला नव्हता. एवढंच विचारत होता की हे तुम्हाला कुणी सांगितलं, कारण फुटलेलं हेल्मेट आमच्या घरी आहे. बातमी पोलिसांच्या पहिल्या माहितीवरून आली होती. खुलासा छापला गेला. पण चार ओळींत दोष कसा इकडून तिकडे जातो हे त्या दिवशी कळलं, आणि म्हणून हे काम मला नीट करायचंय.

आता अडचण. बातमी ‘प्रसंगकेंद्री’ (त्या एका अपघातापुरती) की ‘विषयकेंद्री’ (मागची परिस्थिती दाखवणारी) हे मी आणि माझी वर्गमैत्रीण वेगवेगळं बसून ठरवतो. काही बातम्यांत पहिले पाच परिच्छेद त्या एका अपघाताचे असतात आणि शेवटी एक वाक्य येतं: ‘या वळणावर यापूर्वीही अपघात झाले असून गतिरोधकाची मागणी होत आहे.’ मी तिला विषयकेंद्री म्हणते, ती प्रसंगकेंद्री. तरी चाचणीसाठी घेतलेल्या 100 बातम्यांपैकी 86 मध्ये आमचं जुळतं. मार्गदर्शक म्हणतात, पुरे आहे, पुढे जा. मला ते पटत नाही, कारण बहुतेक बातम्या उघडच प्रसंगकेंद्री आहेत, तिथे जुळणारच.

दुसरं, ‘वाचकांवर होणारा परिणाम’ असं एक प्रकरण घाला असं सांगितलंय. नुसत्या बातम्या मोजून परिणाम सांगता येतो का? कृपया मार्गदर्शन करा.

रात्रपाळी:

बरीच वर्षं डेस्कवर आहे, त्यामुळे तिथलं सांगतो. संशोधनाचं इतर सांगतील.

मथळा बहुतेक वेळा बातमीदाराचा नसतो, उपसंपादकाचा असतो. बातमीत एक आणि हेडिंगमध्ये भलतंच, असं होऊ शकतं. म्हणून मथळा आणि मजकूर यांना एकच कोड देऊ नका, दोन वेगळे रकाने करा. तुमचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

‘चालक’ मथळ्यात का नसतो याला साधी कारणंही असतात. एका कॉलमच्या हेडिंगमध्ये मोजकी अक्षरं बसतात. पान सोडायच्या वेळी फोनवर एवढंच कळतं की दोन गाड्या, एक ठार. आणि दोष सिद्ध झालेला नसताना ‘चालकाने मारले’ असं लिहिणं कायद्याच्या दृष्टीने अंगाशी येऊ शकतं, म्हणून हात आखडता घेतला जातो. हे समर्थन म्हणून सांगत नाही. ‘काळाचा घाला’ला यातलं एकही कारण लागू होत नाही, तो निव्वळ सवयीने पडतो आणि बंद व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. पण डेस्कवरच्या चार लोकांशी बोलल्याशिवाय ‘वर्तमानपत्रं दोष वळवतात’ असा हेतू चिकटवू नका. आणखी एक, बातमी कुणाच्या माहितीवरून आली याचा रकाना नक्की ठेवा: पोलिस, प्रत्यक्षदर्शी, नातेवाईक, रुग्णालय. तुमच्या हेल्मेटच्या बातमीचं मूळ तिथेच होतं.

आकडेमोड:

तुमची शंका अगदी बरोबर आहे. करून दाखवते. समजा तुम्ही दोघींनीही 100 पैकी 90 बातम्या प्रसंगकेंद्री ठरवल्या. मग न वाचता, डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी 0.9 × 0.9 + 0.1 × 0.1 म्हणजे 0.82 इतकं जुळलंच असतं. कोहेन यांचा ‘कप्पा’ (kappa) हा जुळण्याचा निर्देशांक हा योगायोग वजा करतो: (0.86 − 0.82) भागिले (1 − 0.82), म्हणजे साधारण 0.22. हे फारच कमी आहे. क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा हा त्याच कामाचा दुसरा निर्देशांक वापरलात तर ते 0.8 च्या वर अपेक्षा ठेवतात, आणि 0.667 च्या खाली असेल तर कच्चे निष्कर्षसुद्धा काढू नका म्हणतात. हे गणित कागदावर मांडून मार्गदर्शकांना दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

शेवटच्या वाक्याच्या बातम्यांसाठी ‘मिश्र’ असा तिसरा वर्ग करायचा मोह होईल. करू नका, सगळं अवघड त्याच पोत्यात जाईल. त्यापेक्षा मोठा प्रश्न फोडून लहान हो-नाही प्रश्न करा: रस्त्याच्या स्थितीचा उल्लेख आहे का? आधीच्या अपघातांचा? कुठल्या यंत्रणेच्या जबाबदारीचा? चालकाचा? मृताच्या वागण्याचा? मग प्रसंगकेंद्री-विषयकेंद्री हे मतावर न राहता या उत्तरांवरून ठरेल. कोडिंगची ही नवी नियमावली आधीच्या 100 बातम्यांवर तपासू नका, त्या दोघींच्या डोक्यात बसल्या आहेत. नव्या घ्या.

नमुना कसा निवडलात ते लिहिलं नाहीत. वर्षभराच्या दैनिकांसाठी रचित आठवडा काढतात, म्हणजे वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असं चिठ्ठ्या टाकून. रिफ आणि सहकारी या संशोधकांनी 1993 मध्ये निष्कर्ष काढला की वर्षासाठी असे दोन आठवडे पुरतात. मात्र त्यांनी एका दैनिकातल्या स्थानिक बातम्या धरल्या होत्या. अपघात हा एकच विषय असल्याने तुम्ही त्याहून जास्त घ्या.

परिणामाचं प्रकरण नको. आशय-विश्लेषण, म्हणजे तुम्ही करताय तशी बातम्यांची मोजणी, काय छापलं ते सांगतं. वाचकाच्या मनात काय झालं ते कळायला वाचकांपुढे जावं लागतं. अमेरिकेत 2019 साली असा प्रयोग प्रसिद्ध झाला आहे: पादचाऱ्याच्या अपघाताची एकच बातमी तीन प्रकारे लिहून हजाराच्या आसपास लोकांना वाचायला दिली. चालकाला केंद्रस्थानी ठेवल्यावर मृताला दोष देणं कमी झालं, आणि आसपासची परिस्थिती जोडल्यावर रस्ता सुधारण्याच्या उपायांना पाठिंबा वाढला. पूर्वसंशोधनात त्याचा उल्लेख करा आणि तुमचं काम त्याच्या शेजारी ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. मथळा आणि मजकूर वेगळे केले, हो-नाहीचे प्रश्न लिहून काढले, माहितीचा स्रोत हा रकाना घातला. वर्गमैत्रीण नव्या बातम्यांवर परत बसायला तयार आहे. गणित मार्गदर्शकांना दाखवलं. परिणामाचं प्रकरण वगळून त्याजागी डेस्कवरच्या लोकांच्या मुलाखती घ्यायला त्यांनी होकार दिला.

रात्रपाळी सर, मुलाखतीची प्रश्नावली तयार झाली की इथे टाकते. पान सोडायच्या घाईत असलेल्या माणसाला कोणते प्रश्न विचारू नयेत, तेवढं बघून सांगाल का?