मन हे मेंदूहून वेगळे, अभौतिक असे काही आहे का?

साखर पेठ (प्रश्न): माझे वडील तीस वर्षे चादरीच्या मागावर होते. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आणि वाचा गेली. साधा 'पाणी' हा शब्द त्यांच्या तोंडून येत नाही. पण आई भजन म्हणू लागली की त्याच ओठांतून अख्खी ओळ सुरात बाहेर पडते. आई म्हणते, "त्यांचं मन शाबूत आहे, यंत्र बिघडलंय." मला हे पटावेसे फार वाटते, आणि म्हणूनच ते पारखून घ्यायला हवे असेही वाटते. मेंदू हे केवळ साधन आणि मन त्याहून निराळे, असे म्हणायला खरोखर आधार आहे का?

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर: तुमच्या वडिलांसारखे अनेक रुग्ण बोलू शकत नसले तरी गाऊ शकतात. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका या डॉक्टरांनी 'टॅन' एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. इथपर्यंत आईंचे म्हणणे टिकते, कारण वीणेची तार तुटली म्हणून वादक मरत नाही. मात्र 1848 साली अमेरिकेत फिनिअस गेज या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभावच पालटल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. हा बदल किती आणि किती काळ टिकला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही तार तुटल्यावर वादकाचा स्वभाव का बदलावा, याचे उत्तर वीणेच्या दृष्टान्तात मिळत नाही.

दर्शनांचा विद्यार्थी: आधी 'मन' या शब्दाकडे पाहावे, कारण इथेच आपली गफलत होते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये विचार करणारे द्रव्य आणि जागा व्यापणारे द्रव्य असे दोन भाग केले. दोनच वर्षांनी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्राने विचारले की, जे जागा व्यापत नाही ते शरीराला हलवणार कसे? माझ्या मते त्याला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. आपल्या परंपरेत मात्र ही रेघ वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी मनाला अणुरूप, म्हणजे अतिसूक्ष्म, द्रव्य मानले. एकाच क्षणी दोन ज्ञाने होत नाहीत, हेच त्याचे गमक. पण हे मन स्वतः जाणणारे नव्हे, जाणणारा तो आत्मा. सांख्य दर्शनाने तर मनाला थेट प्रकृतीतच, म्हणजे जड सृष्टीतच, घातले. तेव्हा 'मन मेंदूहून वेगळे' हे वाक्य सिद्ध झाले तरी आईंना हवे असलेले सिद्ध होत नाही, कारण त्या ज्याला शाबूत म्हणतात ते बहुधा मन नसून जाणणारा आहे.

माग मास्तर, विडी घरकुल: मी जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम केले आहे. भोके पाडलेल्या कार्डांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि नक्षी उमटते. नक्षी म्हणजे सूत नव्हे, पण सूत काढून घेतले तर नक्षी कुठे निराळी उरत नाही. मन मला असेच वाटते. एक कार्ड फाटले की नक्षीचा तेवढाच भाग चुकतो, बाकीची जशीच्या तशी येते.

दर्शनांचा विद्यार्थी: दृष्टान्त आवडला, आणि वाचा जाऊन गाणे का उरले हे त्यातून समजते. फक्त एक अडचण राहते: चादरीची नक्षी बघायला बाहेरचा डोळा लागतो. तहान लागलेल्या माणसाला ती तहान बाहेरून बघावी लागत नाही, ती त्यालाच लागते.

साखर पेठ: आपल्या सर्वांचे आभार. मास्तरांचे म्हणणे मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, तो उठेना. मग डाव्या हाताने हवेत धोटा फेकल्यासारखे केले आणि माझ्याकडे पाहिले. यंत्र बिघडले असेल किंवा नक्षी, पण पाहणारे तेच होते, एवढे मला त्या क्षणी निश्चित वाटले. हा पुरावा ठरत नाही, हे मला कळते.